तटस्थ कायद्याची दंतकथा : डंडी, १९७७

तेलाचा इतिहास म्हटला की बंडे, युद्धे आणि १९५३ चे मोसादेग प्रकरण एवढेच आठवते. रणगाडे छायाचित्रांत उठून दिसतात, करारातील कलमे दिसत नाहीत. परंतु जमिनीखालच्या संपत्तीचा निवाडा बहुतेक वेळा कलमांनीच केला आहे. ती कलमे शिकवणारे एक महत्त्वाचे केंद्र १९७७ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठात स्थापन झाले, ते म्हणजे पेट्रोलियम व खनिज कायदा अभ्यास केंद्र. अशा केंद्रांना ‘तटस्थ ज्ञानपीठ’ मानण्याची प्रथा आहे. ही प्रथा सोडून देण्यास पुरेसा पुरावा उपलब्ध आहे.

सुरुवात १९५१ पासून करावी लागते. अबू धाबीचे शेख आणि एक तेल कंपनी यांच्यातील वादात लॉर्ड अॅस्क्विथ हे ब्रिटिश न्यायाधीश लवाद होते. करार अबू धाबीत झालेला, तेल अबू धाबीचे. तरीही तेथे आधुनिक व्यापारी कराराला लागू करता येईल असा कायदाच अस्तित्वात नाही, असे त्यांनी ठरवले आणि इंग्लिश कायद्यातील तत्त्वे सार्वत्रिक विवेकाच्या नावाने लागू केली. गंमत अशी, की सागरमंचावरील हक्काच्या मुद्द्यावर शेख जिंकले. त्यांचा कायदा मात्र हरला.

आता डंडीकडे वळू. हे तागाचे शहर. बंगालचा ताग येथे येई, व्हेलच्या तेलाने मऊ केला जाई आणि गिरण्यांत विणला जाई. दुसऱ्याच्या कच्च्या मालावर उभी राहिलेली ही नगरी विसाव्या शतकात ओसरत गेली. मग १९७० मध्ये उत्तर समुद्रात फोर्टीज क्षेत्र सापडले आणि ब्रिटन स्वतःच कच्च्या मालाचा धनी झाला.

धनी होताच त्याची भाषा बदलली. १९७५ च्या कायद्याने ब्रिटिश संसदेने राष्ट्रीय तेल महामंडळ स्थापन केले आणि आधीच दिलेल्या परवान्यांच्या अटीही एकतर्फी बदलल्या. कंपन्यांनी कुरकुर केली, पण समुद्र सोडून कोणी गेले नाही. परवाना हा करार की शासनाचा हुकूम, हा प्रश्न आता लंडनच्याच दाराशी आला होता. डंडीच्या केंद्राचे पहिले संचालक टेरेन्स डेन्टिथ हे सार्वजनिक कायद्याचे प्राध्यापक होते, ही बाब येथे सूचक ठरते. केंद्राचा जन्म निव्वळ जिज्ञासेतून झाला नाही. त्यामागे तेल होते.

त्याच १९७७ च्या जानेवारीत लिबियाविरुद्धच्या टेक्साको खटल्याचा निवाडा आला. लिबियाने तेलसवलतींचे राष्ट्रीयीकरण केले होते. एकमेव लवाद रेने-जां द्युपुई यांनी लिबियाला करार पाळण्याचा आदेश दिला. ब्रिटनने अटी बदलल्या, लिबियाने सगळेच घेतले; हा फरक खरा आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. परंतु ब्रिटनचा निर्णय धोरण ठरला आणि त्याच्या संसदेबाहेर त्याचा कोणी न्याय केला नाही. लिबियाला मात्र परक्या लवादाने जाब विचारला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने नैसर्गिक संपत्तीवरील राष्ट्रांचे कायम सार्वभौमत्व १९६२ मध्येच ठरावाने मान्य केले होते. ठराव सर्वांसाठी होता, सवड काहींनाच मिळाली.

याच्या उलट टोकाचा, ‘ही केंद्रे म्हणजे नववसाहतवादाची हत्यारे’ असा आरोपही आळशीच म्हणावा लागेल. आशिया-आफ्रिकेच्या खनिज व तेल मंत्रालयांतील अनेक अधिकारी डंडीत शिकले आणि कंपन्यांच्या वकिलांसमोर बसण्याइतके तयार झाले. १९९० च्या दशकात केंद्राची धुरा वाहणारे थॉमस वेल्डे त्याआधी संयुक्त राष्ट्रांत राहून विकसनशील सरकारांना सल्ला देत. पुढे त्याच वेल्डे यांनी गुंतवणूकदाराला राज्यसत्तेपासून संरक्षण देण्याची बाजू हिरिरीने मांडली. खरा पेच येथेच आहे. टेबलाच्या दोन्ही बाजू एकच पाठ्यक्रम शिकून आल्या, की भांडण त्या पाठ्यक्रमाच्या चौकटीतच होते. सरकारने कायदा बदलणे म्हणजे ‘राजकीय जोखीम’, ही संज्ञा कंपनीच्या खुर्चीतून सुचलेली आहे. तिला मंत्रालयाच्या खुर्चीतून नाव दिले असते तर ते कदाचित ‘लोकमत’ असे असते.

डिसेंबर १९९४ मध्ये ऊर्जा सनद करारावर सह्या झाल्या. परकीय गुंतवणूकदाराला थेट राष्ट्राविरुद्ध लवादाकडे जाण्याची मुभा त्याने दिली. हवामान धोरणाचे कारण देऊन ब्रिटनने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यातून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला. मात्र जुन्या गुंतवणुकीचे संरक्षण बाहेर पडल्यानंतरही २० वर्षे चालू राहते.

त्याच डिसेंबरात भारत सरकारने पन्ना-मुक्ता आणि ताप्ती या अरबी समुद्रातील क्षेत्रांचे उत्पादन-वाटणी करार केले. दुसऱ्या बाजूला ओएनजीसी, रिलायन्स आणि दाभोळमुळे महाराष्ट्राला चांगलीच ठाऊक असलेली एन्रॉन होती. कराराला कायदा भारताचा, लवादाच्या कलमाला मात्र इंग्लंडचा. वाद उद्भवला तेव्हा लवादाचे न्यायपीठ लंडन होते, आणि २८ मे २०१४ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेच त्या कलमावर बोट ठेवून हस्तक्षेपाचे दार भारतीय न्यायालयांना बंद असल्याचे सांगितले.