घर आमचं, जमीन कोणाची?

आमच्या हिवाळी घराबद्दल नातेवाइकांमध्ये दोन तट आहेत. पुण्याच्या तटाचं म्हणणं, "एवढी वर्षं अमेरिकेत काढून म्हातारपणी पत्र्याच्या डब्यात राहायची वेळ आली का तुमच्यावर?" न्यू जर्सीच्या तटाचं म्हणणं, "मजा आहे बुवा तुमची, रिसॉर्टच की!" शिवाय 'नोमॅडलँड' (2020) हा सिनेमा पाहिल्यापासून एका भाच्याची खात्री झाली आहे की मावशी आणि काका व्हॅनमध्ये झोपतात आणि वाळवंटात चूल मांडतात. तिघांनाही फोनवर वेगवेगळं समजावून मी थकले. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. शिवाय यंदा लिहायला कारणही तसंच आहे.

तर मंडळी, आम्ही मिनेसोटात राहतो. गेली नऊ वर्षं नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथलं घर बंद करायचं (पाणी बंद, हीटर 55 फॅरनहाइटवर, नाहीतर पाइप फुटतात), कुकर, पोळपाट-लाटणं आणि औषधांची पिशवी गाडीत भरायची आणि 1,700 मैलांहून जास्त गाडी हाकत ॲरिझोनातल्या मेसा गावी यायचं. पूर्वी तीन दिवस लागायचे, आता चार लागतात. एप्रिलमध्ये उलटा प्रवास. मिनेसोटात जानेवारीत शून्याखाली 20 असतं तेव्हा इथे दुपारी पातळ स्वेटरही अंगावर नको होतो.

'मोबाइल होम' हे नाव मात्र फसवं आहे. घर कारखान्यात तयार होतं, चाकांवर बसून एकदाच येतं आणि मग बहुतेक वेळा मरेपर्यंत तिथेच राहतं. खाली ठोकळे, कडेने झालर लावून चाकांची जागा झाकलेली. जून 1976 मध्ये केंद्र सरकारचे बांधकामाचे नियम लागू झाले. त्यानंतर बनलेल्या घरांना कायद्याच्या भाषेत 'मॅन्युफॅक्चर्ड होम' म्हणतात. पण पार्कात तसं म्हणणारा एकही माणूस मला भेटलेला नाही. आमचं घर 1984 सालचं. दोन छोट्या खोल्या, स्वयंपाकघर, गाडीसाठी छप्पर आणि बाजूला काचा लावून बंद केलेला व्हरांडा. त्याला इथे 'ॲरिझोना रूम' म्हणतात, आम्ही ओटी म्हणतो.

भाच्यासाठी एक सांगायला हवं. त्या सिनेमातली माणसं घर परवडत नाही म्हणून चाकांवर राहतात. आम्हाला परत जायला दुसरं घर आहे. हा फरक लहान नाही, आणि तो विसरून स्वतःला भटके वगैरे म्हणवून घेणं मला बरं वाटत नाही.

आमचा पार्क 55 च्या वरच्यांचा. 1995 च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे राहत्या घरांपैकी निदान 80 टक्के घरांत एक तरी माणूस 55 किंवा त्याहून मोठा असेल, तर मुलाबाळांच्या कुटुंबांना नकार द्यायची मुभा मिळते. मला हे सगळंच काही आवडत नाही. संध्याकाळी कुठे मुलांचा आवाज नाही ही गोष्ट पहिल्या वर्षी अंगावर आली होती. नातू पाहुणा म्हणून दोन आठवडे येतो, तेवढ्यात निम्मा पार्क त्याला बिस्किटं चारतो.

दिवस कसा जातो? सकाळी सुपरस्टिशन डोंगरांच्या मागून सूर्य वर येतो तेव्हा आमचा फेरफटका. मग ह्यांचा लाकूडकामाचा क्लब, माझा पाण्यातला व्यायाम. गुरुवारी सगळ्यांनी एकेक पदार्थ आणून जेवायचं. पहिल्या वर्षी मी साबुदाण्याची खिचडी नेली होती, ती आयोवाच्या शेतकरी मंडळींनी चाटूनपुसून संपवली. तेव्हापासून मी 'टॅपिओका लेडी'. रात्री नऊला पुण्याला फोन, कारण तिथे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. जानेवारीत दारादारांत ग्रेपफ्रूटच्या पिशव्या येऊन पडतात. झाडं लगडलेली, आणि गंमत म्हणजे निम्म्या पार्काला डॉक्टरांनी ग्रेपफ्रूट बंद केलेलं! कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी त्याचं जमत नाही. त्यामुळे तीच पिशवी चार दारं फिरून परत येते.

पण इथे यायचं कारण हवा नाही, ग्रेपफ्रूट तर नाहीच. कारण आहे माणसांचं अंतर. मिनेसोटात आमच्या घरापासून शेजारच्या दारापर्यंत हाक पोचत नाही. गॅरेजचं दार वर जातं, गाडी आत जाते, दार खाली येतं, संपलं. इथे दोन घरांमध्ये एक गाडी मावेल एवढीच जागा. सकाळी आठपर्यंत पडदा सरकला नाही तर कोणीतरी दार वाजवतं. दोन वर्षांपूर्वी ह्यांना गाडीतून सामान काढताना भोवळ आली, तेव्हा मी आत मिक्सर चालवत होते. मला कळायच्या आधी मॅनिटोबाचे शेजारी ह्यांना खुर्चीत बसवून पाणी पाजत होते. आडवी पसरलेली चाळ आहे ही, फक्त नळावरची भांडणं नाहीत. (कपडे धुवायच्या मशीनवरून होतात.) म्हातारपणी मोठं घर लागत नाही, हाकेच्या अंतरावर माणूस लागतो, हे माझं मत नऊ वर्षांत पक्कं झालं आहे.

आता यंदाचं कारण.

घर आमचं आहे, पण ज्या जमिनीवर ते उभं आहे ती आमची नाही. जमीन पार्काच्या मालकाची, आम्ही जागेचं महिन्याचं भाडं भरतो. आम्ही आलो तेव्हा मालक एक कुटुंब होतं. त्यातले म्हातारे गृहस्थ स्वतः गोल्फ कार्टमधून फिरत गळके नळ बघायचे. 2022 मध्ये पार्क विकला गेला. नव्या मालक कंपनीचं नाव घेत नाही; तिचा पत्ता दुसऱ्या राज्यातला आहे आणि तिथून फक्त पत्रं येतात. गेल्या तीन वर्षांत आमचं भाडं महिना 560 डॉलरवरून 735 झालं, म्हणजे 31 टक्के वाढ. याच काळात सोशल सिक्युरिटीची वाढ 2024 ला 3.2 टक्के, 2025 ला 2.5 आणि 2026 ला 2.8. बेरीज ज्याची त्याने करावी.

यात बेकायदा काही नाही. ॲरिझोनात राज्याच्या कायद्यानेच शहरांना भाड्यावर मर्यादा घालायला बंदी आहे. मोबाइल होमच्या जागेचं भाडं वाढवायचं तर मालकाने कराराचं नूतनीकरण व्हायच्या 90 दिवस आधी लेखी कळवायचं. झालं.

माझं माहेर गिरगावातलं, पागडीच्या चाळीतलं. त्यामुळे मला याच्या अगदी उलटी गोष्ट माहीत आहे. 1947 च्या भाडेकायद्याने मुंबईतली भाडी गोठली. आमचे वडील जे भाडं भरायचे त्यात पुढे महिन्याची भाजीही आली नसती. भाडेकरू निर्धास्त, पण मालकाला त्या भाड्यात जिना दुरुस्त करणं परवडेना, मग त्याने बघणंच सोडलं. छताला लाकडी टेकू लागले. माझं सगळं शाळकरी वय त्या टेकूंमधून वाट काढण्यात गेलं. तेव्हा भाडं वाढूच नये असं मी म्हणणार नाही. त्या वाटेने गेलं की काय होतं ते डोळ्यांनी पाहिलं आहे. पण पागडीत निदान भिंती मालकाच्या होत्या. इथे भिंती, छप्पर, दुरुस्ती, विमा सगळं आमचं, आणि तरी चावी दुसऱ्याच्या हातात.

ते कसं? घर हलवायचं म्हटलं तर हजारो डॉलरचा खर्च, आणि चाळीस वर्षांचं घर घ्यायला दुसरा पार्क सहसा तयार नसतो. म्हणजे हलवता येत नाही. विकायचं म्हटलं तर गिऱ्हाईक आधी विचारतं, जागेचं भाडं किती? भाडं वाढलं की घराची किंमत तेवढी खाली येते. म्हणजे प्रत्येक वाढ दोनदा खिशात हात घालते, एकदा दर महिन्याला आणि एकदा घर विकताना.

आम्ही यातून निभावू. आमच्या समोरच्या बाईंचं तसं नाही. त्या 84 वर्षांच्या, मूळच्या आयोवाच्या. नवरा गेल्यावर तिकडचं घर विकून बारा महिने इथेच राहतात, उन्हाळ्यात पारा 110 फॅरनहाइटच्या वर जातो तेव्हासुद्धा. हे घर हीच त्यांची सगळी पुंजी. त्यांचं कानाचं यंत्र खराब झालं आहे. मूळ मेडिकेअरमध्ये कानाच्या यंत्राला पैसे मिळत नाहीत, आणि यंदा भाड्याचं पत्र आल्यावर त्यांनी नवीन यंत्र घ्यायचं पुढे ढकललं. पत्त्यांच्या टेबलावर त्या अजून येतात, हसतात, पण कोणी काय बोललं ते त्यांना कळत नाही हे आता सगळ्यांच्या लक्षात आलंय. हाकेच्या अंतरावर माणूस आहे खरा, पण हाक ऐकू यायला हवी ना.

म्हणून माझं म्हणणं आमच्यासारख्या हंगामी पाखरांना आहे. आपल्यातले निम्मेअधिक म्हणतात, "नाही परवडलं तर विकू आणि जाऊ, कशाला वाद घालायचा? पाच महिने सुखात काढायचे." मला हे पटत नाही. जाणाऱ्यांना जाता येतं म्हणून ते गप्प बसतात, आणि त्या गप्प बसण्याचं भाडं बारा महिने राहणारे भरतात. पार्काची रौनक आपल्यामुळे, जाहिरातीतले फोटो आपले, क्लबहाउस भरतं ते आपल्यामुळे. मग सही करायच्या वेळीच आपण पाहुणे कसे?

सही कसली, तर रहिवाशांनी एकत्र येऊन दोन गोष्टी मागायचं ठरवलं आहे. एक, वार्षिक वाढ महागाईशी बांधून दीर्घ मुदतीचा करार करावा. दोन, पार्क पुन्हा विकायला काढला तर आधी आम्हाला विचारावं. दुसरी मागणी ऐकून क्लबहाउसमध्ये हशा पिकला होता. म्हातारे कुठून पार्क विकत घेणार! पण हे होतं. न्यू हॅम्पशायरमध्ये 1984 पासून रहिवाशांनी सहकारी तत्त्वावर आपापले पार्क विकत घेतले आहेत, आणि 2008 मध्ये स्थापन झालेली आरओसी यूएसए ही संस्था इतर राज्यांतही त्यासाठी मदत करते. कर्ज काढायचं, ते भाड्यातूनच फेडायचं, आणि भाडं किती हे आपणच सभेत ठरवायचं. मराठी माणसाला यात नवीन काय? सोसायटी! फ्लॅट आपला, पण कन्व्हेयन्स होईपर्यंत जमीन बिल्डरच्या नावावर, हे दुखणं आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. मी ते समजावून सांगितलं तर एक आजोबा म्हणाले, "हा सोशॅलिझम झाला." त्यांनी जन्मभर आपला मका शेतकऱ्यांच्या सहकारी कोठारात विकला. मी आठवण करून दिली तर म्हणाले, "ते वेगळं." असो. सही मात्र केली त्यांनी.

लेकाचं मत वेगळं आहे. त्याने हिशेब मांडून पाठवला: घर विका, दरवर्षी चार-पाच महिन्यांसाठी सामानासकट भाड्याने घ्या, स्वस्त पडेल. हिशेब बरोबर आहे, मी तपासला. पण दरवर्षी नव्या गल्लीत राहिलं तर पडदा सरकला की नाही हे कोण बघणार? ह्यांना आता 77 लागेल. कधीतरी आमच्यापैकी एक जण मागे राहील. तो मीच असेन, असं पार्काकडे बघून वाटतं. इथे बायकाच मागे राहतात. तेव्हा मला मिनेसोटातला बर्फ उपसायचा नाही, आणि लेकाच्या घरच्या तळघरात माझी सोय केलेली आहे ती प्रेमाने केली आहे हे माहीत असूनही तिथे जायचं नाही. मला समोरच्या बाईंसारखं इथे राहायचं आहे. फक्त त्यांच्यासारखं पत्राची धास्ती घेऊन नाही.

जे कोणी असं घर घ्यायचं म्हणताहेत (दोघांनी गेल्या महिन्यात विचारलं) त्यांना सांगते, खोल्या किती आणि तलाव गरम पाण्याचा आहे का, हे नंतर बघा. आधी जमीन कोणाची ते विचारा. रहिवाशांचीच असेल तर चार पैसे जास्त द्या. कंपनीची असेल तर गेल्या पाच वर्षांची भाड्याची पत्रं मागा, आणि दाखवायला टाळाटाळ झाली तर तसेच मागे फिरा.

पार्कात 212 जागा आहेत, आत्तापर्यंत 131 सह्या झाल्या. उरलेल्यांपैकी बरीच घरं बंद आहेत, बहुतेक कॅनडाच्या मंडळींची. 2025 मध्ये दोन्ही देशांत कुरबुरी झाल्यापासून त्यांतले काही आलेच नाहीत, तिघांनी घरं विकायला काढली आहेत. त्यांचे तिकडचे पत्ते पार्काची कचेरी देत नाही. म्हणून समोरच्या बाई आपली ख्रिसमस कार्डांची जुनी वही घेऊन आमच्या ओटीवर आल्या आहेत. त्या एकेक नाव मोठ्याने वाचतात, जरा जास्तच मोठ्याने, आणि मी पाकिटांवर पत्ते लिहिते आहे. सास्काचवानपर्यंत आलोय.