नऊ एकांचा वर्ग

नऊ एक ओळीनें मांडून होणाऱ्या संख्येचा वर्ग केला असतां १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या येते. एकापासून नवापर्यंत चढणारी व त्याच पायऱ्यांनीं पुनः एकावर उतरणारी ही संख्या हल्लीं मोबाईलवर 'दैवी चमत्कार' म्हणून फिरत असते. वडील माणसें ती कौतुकानें मुलांस दाखवितात, आणि एखाद्यानें "असें कां होतें?" म्हणून विचारिलें, तर "उगाच फांटे फोडूं नकोस" असें सांगून त्यास गप्प बसवितात. गणिताची नावड घरांत रुजते, ती आमच्या मतें येथेंच.

वास्तविक याचें उत्तर पाटीवर मावण्याजोगें आहे. उभा गुणाकार मांडावा. १११११११११ हीच संख्या नऊ वेळां, दर वेळीं एक घर डावीकडे सरकवून, एकीखालीं एक लिहिली जाते. एकंच्या घरांत एकच १ येतो, दहंच्या घरांत दोन, शतंच्या घरांत तीन. मधल्या घरांत नऊ होतात, आणि पुढें ते एकेकानें कमी होत जातात. कोणत्याहि घराची बेरीज नवापलीकडे जात नाहीं, म्हणून हातचा येत नाहीं. सारें रहस्य या न येणाऱ्या हातच्यांत आहे. दहा एक घेतले कीं मधल्या घरांत दहा होतात, हातचा येतो, आणि वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा होऊन चढत्या ओळींतील आठ लोपतो. खांब येथें आमच्या ओटीवर जमणाऱ्या मुलांस हा लोपलेला आठच अधिक आवडला. कारण तो कोठें गेला, हें त्यांनीं स्वतः शोधून काढिलें.

हें कौतुक आजचें नव्हे. नवव्या शतकांत महावीराचार्यांनीं 'गणितसारसंग्रहां'त सहापर्यंत चढून उतरणाऱ्या १२३४५६५४३२१ या संख्येचें वर्णन केलें आहे. ती सहा एकांचा वर्ग होय. पुढें विसाव्या शतकांत देवळाली येथील शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनीं या जातीच्या संख्यांचा अभ्यास करून एका रेल्वेस्थानकावरून त्यांस 'डेम्लो' हें नांव दिलें. ज्या संख्येस तिच्याच अंकांच्या बेरजेनें निःशेष भाग जातो, तिला त्यांनीं 'हर्षद' म्हटलें. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आहे. नऊ एकांच्या संख्येस ९ नें भाग जातो, म्हणून तिच्या वर्गास ८१ नें जाणारच. अर्थात् ही संख्या डेम्लोहि आहे आणि हर्षदहि आहे.

शाळेंतील काम सांभाळून केलेल्या या अंकचिंतनाची वार्ता १९७५ सालीं मार्टिन गार्डनर यांनीं 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकांतून जगास दिली. कापरेकरांपाशीं साधन होतें तें "कां?" हा प्रश्न न सोडण्याचें; आणि तें आपल्या प्रत्येक घरांत, कोणत्या ना कोणत्या मुलापाशीं, असतेंच. आपण तें हिरावून न घेतलें म्हणजे झालें. कारण कळल्यानें कौतुक उणावत नाहीं. तें आपलें स्वतःचें होतें.

बालवाचकांसाठीं या महिन्याचा प्रश्न : आठ एकांच्या वर्गांतील अंकांची बेरीज ६४ होते. मग ती संख्या हर्षद आहे काय? भागाकार न करितां, केवळ शेवटच्या अंकाकडे पाहून उत्तर द्यावें, आणि कारण अवश्य सांगावें.