आखाड्यावर बसून पाहिलेलं जग



नांगरट झाली, शेणखत पडलं. आता रोहिणीपर्यंत दुपारी अकरा ते चार रानात पाय ठेवायची सोय नाही. हे पाच तास आपण लिंबाखाली मोबाईल बघत काढतो. मीही तेच करायचो.

2017 ला गुलाबी बोंडअळीनं माझी तीन एकर कपाशी खाल्ली. पुढच्या मे महिन्यात लेकीनं वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' हातात दिलं. मी दहावी पास, शाळा सुटल्यावर पुस्तक धरलंच नव्हतं. आठ दुपारी लागल्या. अमेरिकेतल्या अलाबामात पोचलो, तर तिथंही आपलीच गत! वर्षानुवर्षं कपाशीवर कपाशी, जमीन थकलेली, शेतकरी कर्जात. गुलामाच्या पोटी जन्मलेले कार्व्हर 1896 ला टस्कीगीच्या संस्थेत आले. भुईमूग, चवळी, रताळी लावा म्हणून सांगत राहिले. 1906 पासून तर गाडीत सामान भरून शिक्षणच बांधावर नेलं.

लेकीनं मग अजून एक शोधून दाखवलं. त्याच राज्यात एंटरप्राइज गावानं 1919 साली बोंड पोखरणाऱ्या भुंग्याचं स्मारक उभारलं. किडीचं स्मारक! तिच्यामुळं लोक भुईमुगाकडं वळले अन् सावरले म्हणून. त्यांचा भुंगा वेगळा, आपली अळी वेगळी. पण एकाच पिकाला चिकटून बसायची खोड तीच.

त्या साली मी फरदड बंद केली, पऱ्हाटी वेळेत रानाबाहेर काढली, कपाशीच्या जागी सोयाबीन अन् त्यावर हरभरा घेतला. कृषी सहायक हेच सांगत होते, मी ऐकत नव्हतो. दुसऱ्या देशातल्या शेतकऱ्याचे हाल वाचले तेव्हा पटलं. अळी गेली असं म्हणणार नाही, पण सगळं घर एका पिकावर टांगलेलं राहिलं नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात जपानला गेलो, मासानोबू फुकुओकांच्या रानात. नैसर्गिक शेतीचा एवढा मोठा माणूस, पण सुरुवातीला वडिलांच्या संत्र्याच्या बागेची छाटणी एकदम थांबवली. फांद्या एकमेकींत गुंतल्या, कीड पडली, झाडं वाळली. त्यांनी हे स्वतःच लिहून ठेवलंय. आपण मोसंबीवाल्यांनी वाचण्यासारखं आहे.

माझं म्हणणं एवढंच. परदेश दौऱ्यात चांगला प्लॉट दाखवतात, बुडालेला कुणी दाखवत नाही. पुस्तकात तो दिसतो. मात्र पुस्तक म्हणजे शिफारस नव्हे. अलाबामाचा पाऊस आपल्या जालन्यात पडत नाही. माती तपासा, तज्ज्ञांना विचारा, आधी दहा गुंठ्यांवर करून बघा.

अन् वाचनालयवाल्यांना एक विनंती. संध्याकाळी तुम्ही उघडता तेव्हा आम्ही धारा काढत असतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी उघडा. साताऱ्याच्या भिलारमध्ये 2017 पासून घराघरांत पुस्तकं ठेवलीत. आपल्याला आखाड्यावर एक पेटी पुरे.

माझ्या पेटीत सध्या अकरा पुस्तकं आहेत. या, घेऊन जा. पेरणीआधी परत आणा म्हणजे झालं.