तारीख येईपर्यंतचे दिवस



गेल्या वर्षी आमच्या थोरल्या बंधूंच्या, म्हणजे दादांच्या, पोटाची सोनोग्राफी झाली. शंका पित्ताशयातील खड्यांची होती. खडे आढळले नाहीत. परंतु उजव्या मूत्रपिंडावर एक गाठ दिसली. पुढे सीटी स्कॅनमध्ये ती २.२ सेंटिमीटर भरली. डॉक्टर म्हणाले, "तूर्त शस्त्रक्रिया नको. सहा महिन्यांनी पुन्हा पाहू."

दादांचे वय ७२. मधुमेह जुना, त्यामुळे मूत्रपिंडांचे काम आधीच काहीसे मंदावलेले. तरीही अडत दुकानाचे कुलूप रोज सकाळी तेच उघडतात. ही वार्ता घरी येताच पुतण्या संतापला, "गाठ दिसते आहे आणि काढत नाहीत, हा कसला उपचार?" नातीच्या स्थळाची बोलणी चालू होती, म्हणून वहिनींनी हा विषय घराबाहेर न्यायचा नाही, असे बजावले. पाहता पाहता तो घरातही निघेनासा झाला.

डॉक्टरांनी पुढच्या भेटीत सर्वांना बसवून कारण सांगितले. मूत्रपिंडावरील ४ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींपैकी सुमारे पाचांत एक गाठ कर्करोगाची नसते. ज्या असतात, त्यांतील बहुतेक वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात आणि इतक्या लहान असताना क्वचितच पसरतात. दादांच्या बाबतीत शस्त्रक्रियेने मूत्रपिंडांची उरलेली शक्ती घटण्याचा धोका अधिक होता. गाठ वेगाने वाढू लागली, तर उपचाराचा मार्ग खुला आहेच. तरुण व निरोगी रुग्णाला हाच सल्ला मिळेल असे नाही. तो निर्णय ज्याच्या त्याच्या प्रकृतीवर ठरतो.

व्यापाऱ्याला हे समजणे अवघड नाही. भावावर नजर ठेवून माल राखणे निराळे आणि माल गोदामात टाकून विसरून जाणे निराळे. देखरेख ही पहिल्या प्रकारची आहे.

बुद्धीला हे पटले, मनाला पटेना. दादा रात्री दोन वाजता उठून खातेवही उघडून बसत. सगळी येणी तातडीने वसूल करा, असा मुनीमजींकडे तगादा लावत. सामायिक त्यांचे रोजचे. परंतु त्या ४८ मिनिटांतही चित्त गाठीभोवतीच फिरते, असे त्यांनी एकदा मजजवळ कबूल केले. ते सांगताना त्यांचा स्वर अपराध्यासारखा होता. मला वाटते, त्यात अपराध कसलाच नव्हता. भय वाटणे म्हणजे श्रद्धा उणी असणे नव्हे.

त्यांना मार्ग सापडला तो एका वहीत. मानसोपचारात चिंतेला दिवसातील ठराविक वेळ नेमून देण्याची एक पद्धत आहे. दादांनी दुपारी चारची १५ मिनिटे नेमली. मनात येईल ती शंका त्या वेळी वहीत लिहायची. डॉक्टरांना विचारण्याजोगी असेल तिच्यापुढे खूण करायची. मग वही मिटायची. रात्री शंका आली की "उद्या चार वाजता" असे स्वतःस सांगायचे. पहिले पंधरा दिवस काहीच साधले नाही. त्यानंतर झोप हळूहळू परत आली.

सहा महिन्यांनी गाठ २.३ सेंटिमीटर भरली. अहवाल पुतण्याने मोबाइलवर एकट्याने वाचला आणि घर पुन्हा हादरले. डॉक्टरांनी दोन्ही चित्रे शेजारी ठेवून दाखवली : एकाच गाठीच्या दोन मोजणींत दोन-तीन मिलिमीटरचे अंतर पडू शकते. तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला की अहवाल डॉक्टरांसमोरच उघडायचा आणि भेटीची वेळ स्कॅनच्या आधीच ठरवून ठेवायची.

ज्यांच्या घरी असा प्रसंग असेल, त्यांनी हातातल्या गोष्टी सांभाळाव्यात. रक्तदाब व साखर आटोक्यात ठेवावी, तंबाखू सोडावी, वेदनाशामक गोळ्या विचारल्यावाचून घेऊ नयेत. पर्युषणातील उपवासांविषयीही आधी डॉक्टरांशी बोलावे. लघवीतून रक्त गेले किंवा कुशीत सतत दुखू लागले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. झोप व भूक कित्येक आठवडे हरवली, तर तेही सांगावे. गाठ अंगात ठेवून जगणे असह्य होत असेल, तर डॉक्टर निर्णयाचा फेरविचार करू शकतात. त्यात कमीपणा नाही.

आणि घरच्यांनी मौन धरू नये. स्थळाकडील मंडळींना अखेर दादांनीच सारे सांगितले. तिकडच्या आजोबांनी काही वेळ ऐकून घेतले आणि मग स्वतःच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेची हकिकत काढली. त्या दिवशी वहिनी कितीतरी महिन्यांनी मोकळेपणी रडल्या.

पुढचा स्कॅन अक्षय तृतीयेनंतर आहे. तारीख दिनदर्शिकेवर वहिनींनी स्वतःच्या हाताने लिहिली आहे, सर्वांना दिसेल अशी.