पहाटेचे साडेतीन आणि चार सायकली

मिरजेच्या एका वाचक भगिनीचं पत्र गेल्या महिन्यात आलं. मुलगा इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्यानं मित्रांबरोबर रात्रभर सायकल चालवायच्या एका मोहिमेत नाव घातलंय आणि तेव्हापासून घरात बाप-लेकाचा अबोला आहे. "त्याचे अब्बा म्हणतात, मोटारसायकल घेऊन गेला तरी रात्री नऊच्या आत घरी यायला सांगतो, आणि हा सायकलवर रात्रभर हायवेला फिरणार. तुमच्या घरात असं झालं असतं तर तुम्ही काय केलं असतं?" असं त्यांनी विचारलंय.

झालं असतं नाही, झालंच आहे. गेले तीन महिने आम्हां दोघांच्या घरात दुसरा विषय नाही. म्हणून लग्नातल्या खर्चाबद्दल लिहायचं कबूल केलं होतं ते पुढच्या अंकावर ढकलतो. वाचकांनी माफ करावं.

आमची भाची जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. ती, तिचा नवरा, तिचा धाकटा भाऊ आणि मोहल्ल्यातले औषधाच्या दुकानातले चाचा, वय 52, असे चौघं 'फ्लेश' नावाच्या प्रकारात उतरणार आहेत. फ्लेश हा फ्रेंच शब्द, अर्थ बाण. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबनं 1947 मध्ये हा प्रकार सुरू केला, तो पॉल दे विवी या माणसाच्या आठवणीत. हे गृहस्थ 'व्हेलोसिओ' या टोपणनावानं सायकलवर लिहीत, स्वतःचं मासिक चालवत आणि सायकलला एकाहून जास्त गिअर हवेत म्हणून आयुष्यभर भांडले. आता हा प्रकार आपल्याकडेही होतो.

यातले नियम समजून घेतले की पालकांची निम्मी भीती बदलते. जाते असं आम्ही म्हणणार नाही, बदलते. ही शर्यत नाही. एका चमूत तीन ते पाच सायकली, वेळ पूर्ण 24 तास आणि अंतर कमीत कमी 360 किलोमीटर. रस्ता चमूनंच आखायचा. कुठंही एका जागी दोन तासांहून जास्त थांबायचं नाही. शेवटच्या दोन तासांत निदान 25 किलोमीटर कापायचे, म्हणजे लवकर पोचून झोपा काढायची सोय नाही. आणि निदान तीन सायकली एकत्र पोचल्या तरच चमू पास. एकटा कितीही तगडा असला तरी त्याचा उपयोग नाही.

हिशेब करून बघा. 24 तासांत 360 म्हणजे तासाला 15. सपाट रस्त्यावर बऱ्यापैकी सराव असलेला माणूस 20 नं सहज जातो. त्या वेगानं 18 तास पुरतात, सहा तास हातात राहतात. मग लोक अडकतात कुठं? थांब्यांवर. चहाला दहा मिनिटं म्हणून बसतात आणि चाळीस मिनिटांनी उठतात. एकजण बाथरूमला जातो, तो येईपर्यंत दुसरा वडापाव मागवतो. आमच्या भाचीनं पहिल्या सरावात मास्तरणीसारखं वहीत लिहून ठेवलं होतं. 100 किलोमीटरच्या फेरीत दोन तास दहा मिनिटं नुसती थांबण्यात गेली होती. तिचा नवरा म्हणाला, हे तर आपल्या वलीम्याच्या जेवणासारखं झालं.

त्यांचा रस्ता ठरलाय बेळगाव ते पुणे, मध्ये सुरूरहून वाईला जाऊन परत. संध्याकाळी पाचला निघायचं. तवंदी घाटाचा उतार अंधारात येतो, तिथं ब्रेक सांभाळायचे. कोल्हापूर अकराच्या सुमाराला आणि कऱ्हाडला आमच्या घरी पहाटे चारला. रस्त्यावर मागे-पुढे आपली गाडी ठेवायची मुभा नाही, मदत करायची ती ठरलेल्या ठिकाणीच. तेव्हा आमचं काम एवढंच, की आमचं घर हे त्यांचं एक ठरलेलं ठिकाण आहे आणि तिथं गरम पाणी आणि खिमट तयार असेल.

तयारी म्हटलं की सगळे पायांचंच बोलतात. पाय सर्वांत आधी तयार होतात. आठवड्याला अंतर थोडं थोडं वाढवत 60, 80, 100, 150 केलं की तीन-चार महिन्यांत येतं. त्यात आम्हाला फार सांगण्यासारखं काही नाही. बसायची जागा सोलते, त्यासाठी गादीची चड्डी लागते आणि तिच्या आत दुसरं काही घालायचं नसतं. हे सांगताना आमच्या भाच्याला भलताच संकोच झाला, पण चाचांनी दुकानातून मलम आणून तो विषय मिटवला.

पोटाचं मात्र शिकावं लागलं. तासाला साधारण 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. चार-पाच खजूर किंवा एक मोठं केळं म्हणजे अंदाजे 25 ते 30 ग्रॅम. भूक लागायची वाट बघायची नाही, कारण भूक कळेपर्यंत हात थरथरायला लागलेले असतात. निघायच्या आधी मुमानीनं प्रेमानं बिर्याणी केली होती. चौघांनी प्रेमानंच खाल्ली आणि पेठ नाक्यापर्यंत एकाच्याही अंगात जीव नव्हता. तूप-तेलाचं जड जेवण पोटात तासन् तास बसून राहतं. आता निघताना वरण-भात, बरोबर चपातीत गूळ गुंडाळून आणि एका बाटलीत ओआरएस. बिर्याणी परत आल्यावर.

आता मुख्य गोष्ट. डिसेंबरातल्या एका शनिवारी चौघं रात्रीच्या सरावाला निघाले, कऱ्हाड ते कोल्हापूर आणि परत, साधारण 150 किलोमीटर. रात्री साडेनऊला निघाले. आम्ही दुवा करून झोपलो. पावणेपाचला फोन वाजला. भाचा विचारत होता, "मामू, चाचा तुमच्याकडे पोचले का?"

त्या एका वाक्यानं आमच्या पायाखालची जमीन सरकली. हे तिघं पेठ नाक्यावर चहाच्या टपरीवर उभे. भाच्याला वाटलं चाचा मागे बहिणीबरोबर आहेत. बहिणीला वाटलं ते पुढे भावाबरोबर गेले. चाचांचा फोन बंद. हंगाम उसाचा. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, कित्येकांना रिफ्लेक्टरसुद्धा नाही, आणि रुंदीकरणामुळे रस्ता कधी डावीकडे वळवलेला, कधी उजवीकडे. आम्ही दोघांनी अंगावर शाली ओढल्या आणि गाडी काढली, पण कासेगावपर्यंत पोचलो तेवढ्यात परत फोन आला. सापडले. वारणेचा पूल ओलांडल्यावर एका मोरीच्या कठड्यावर बसलेले होते. सायकलवर डुलकी लागली होती, चाक डांबरावरून खाली गेलं, कोपर सोलवटलं. बाकी अल्लाहची मेहरबानी. पुढचा दिवा विझला होता, म्हणून शहाण्यासारखे उजाडायची वाट बघत बसले होते.

घरी आल्यावर चाचा शांतपणे म्हणाले, "मला वगळा. नियमात तिघं पुरतात." भाचा काही बोलला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. ती आम्ही दोघांनीही पाहिली. आमच्यात यावर एकमत नव्हतं, हेही सांगून टाकतो. एकाचं म्हणणं, 52 व्या वर्षी माणसाला रात्रभर हायवेवर कशाला न्यायचं, त्यांच्या घरच्यांना आपण काय तोंड दाखवणार होतो? दुसऱ्याचं म्हणणं, चाचा हरवले नाहीत, त्यांना तिघांनी हरवलं. शेवटी भाचीनं वही पुढे ठेवली. किणीच्या टोलनाक्यानंतर सगळ्यात पुढे कोण, मागे कोण, याची एकही नोंद तिच्याकडे नव्हती. ती म्हणाली, वर्गातली पोरं सहलीला नेली तर मी बसमध्ये चढताना मोजते, उतरताना मोजते. इथं चार माणसं होती आणि मी मोजली नाहीत.

मग चाचांना विचारलं की त्या दिवशी झोपलात किती. सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत दुकानात उभे होते आणि तिथूनच थेट सायकलवर बसले होते. इथंच सगळं कळलं. पहाटे तीन ते पाच हा शरीराचा सर्वांत खालचा वेळ. अंगाचं तापमान उतरतं, मेंदू झोप मागतो, आणि त्यातून दिवसभराचा थकवा असेल तर पंचविशीतलाही माणूस डोळे उघडे ठेवून झोपतो. हे म्हातारपण नव्हे.

त्यानंतर त्यांनी बरंच बदललं. आधी चाचांनी डॉक्टरांकडून रक्तदाब आणि हृदयाची तपासणी करून घेतली. डॉक्टरांनी हो म्हटलं तेव्हाच पुढचं बोलणं झालं. दुकानाच्या मालकांनी मोहिमेच्या आधीच्या शुक्रवारची आणि शनिवारची रजा कबूल केली. शनिवारी दुपारी चौघांनीही दोन तास झोपायचं, झोप आली नाही तरी अंधार करून पडून राहायचं. आधीच्या आठवडाभर रोज अर्धा-पाऊण तास जास्त झोप. आणि रात्री तीनला, कोणाला झोप येत असो वा नसो, थांबा. आधी कपभर कडक कॉफी प्यायची आणि लगेच वीस मिनिटं आडवं व्हायचं, गजर लावून. कॉफी अंगी लागायला साधारण अर्धा तास जातो, त्यामुळे जाग येते तेव्हाच तीही कामाला लागते. वीसच्या पुढे जायचं नाही, नाहीतर गाढ झोपेतून उठवलेल्या पोरासारखं डोकं जड होतं.

वेग चाचांचा. ते एक नंबरला किंवा दोन नंबरला, शेवटी कधीच नाही. तगडा भाचा शेवटी. दर दहा किलोमीटरला मोठ्यानं मोजायचं, एक, दोन, तीन, आणि शेवटचा म्हणतो चार. चार ऐकू आलं नाही की ब्रेक. हायवेवर एकामागे एक, पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक बाजूनं कधी भिडवायचं नाही. खड्डा दिसला की ओरडायचं. मागचा लाल दिवा उघडझाप करणारा नको, स्थिर हवा, कारण तासभर त्या उघडझापीकडे बघून मागच्याचे डोळे दमतात. पुढचा दिवा जरा खाली झुकवलेला. हेल्मेट आणि चमकणारं जाकीट तर नियमातच आहे, आणि घोळक्यात असला तरी ज्याचे दिवे त्याचे चालू हवेत. आणि कोणीही, कारण न सांगता, 'थांबू या' म्हटलं तर थांबायचं. वाद घालायचा तर थांबल्यावर.

हा शेवटचा नियम भाच्याला जड गेला. "मग पोचणार कधी?" पंधरा दिवसांनी त्याच रस्त्यावर परत गेले, चाचांच्या वेगानं, झोपेचा थांबा घेऊन. पहिल्या खेपेपेक्षा पंचवीस मिनिटं जास्त लागली, फक्त पंचवीस. पहिल्या खेपेत शोधाशोधीत जो वेळ गेला तो तर वेगळाच. भाच्यानं तो हिशेब वहीत दोनदा तपासला.

तर मिरजेच्या भगिनी, तुमच्या मुलाला नाही म्हणा असं आम्ही सांगणार नाही, आणि हो म्हणा असंही नाही. अबोला मात्र सोडा. त्याला जेवायला बसवा आणि विचारा, तुमच्यातला सगळ्यात हळू कोण आहे? त्याचं आडनाव, घर, फोन माहीत आहे का? पहाटे तीनला तुम्ही कुठं असाल आणि तिथं काय कराल? तुमच्यापैकी कोणी आदल्या दिवशी कामावर किंवा जागरणात असणार आहे का? एक रात्र एकत्र सराव केला आहे का, आणि त्यात काय बिघडलं? काहीच बिघडलं नाही म्हणाला तर सराव झालाच नाही असं समजा. त्याच्या अब्बांनीही त्या गप्पांना बसावं. आमच्याकडे तर मामूंनी विरोध करता करता पंक्चर काढायला शिकून घेतलं.

चाचांनी नवा दिवा घेतलाय. खोक्यावर आठ तास लिहिलंय, पण आम्ही खोक्यावर विश्वास ठेवत नाही. म्हणून तो पूर्ण चार्ज करून संध्याकाळी सातला आमच्या स्वयंपाकघरात फडताळावर पेटवून ठेवलाय. हे लिहिताना रात्रीचे साडेबारा झालेत. अजून जळतोय, थोडा पिवळा वाटायला लागलाय. मुमानी गजर लावून झोपल्या आहेत, दोनला उठून बघायचं म्हणतात.