व्होल्टेज उतरते, तो बोर्डाचा दोष नव्हे

प्रोसेसरवर भार पडला की त्याला मिळणारे व्होल्टेज थोडे खाली उतरते. संगणक नुसता चालू असताना मल्टिमीटर १.३४ दाखवतो आणि व्हिडिओ एन्कोडिंग सुरू होताच तोच आकडा १.२७ वर येतो. ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांच्या भाषेत हा ‘व्हीड्रूप’. २००६-०७ च्या सुमारास, कोअर २ ड्युओच्या काळात, त्यावर एक घरगुती इलाज बोकाळला. व्होल्टेज सांभाळणाऱ्या चिपजवळचा ठरावीक रेझिस्टर शोधायचा आणि त्याच्या दोन टोकांमध्ये मऊ शिशाच्या पेन्सिलीने रेघ ओढायची. ग्राफाइटमधून वीज वाहते, रेझिस्टरला समांतर वाट मिळते, एकूण रोध घटतो, चिपला मिळणारा संकेत बदलतो आणि भाराखालीही आकडा १.३३ च्या आसपास टिकतो. रेघ पुसली जाते म्हणून काही जण तिच्या जागी प्रीसेट, म्हणजे फिरवून रोध बदलता येणारा रेझिस्टर, सोल्डर करतात.

या फेरफाराच्या बाजूने तीन मुद्दे मांडले जातात. घट ही स्वस्त बोर्डाची कमजोरी आहे. व्होल्टेज एकसारखे राहिले की प्रोसेसर स्थिर राहतो. आणि जिथे वीजच धड नाही, तिथे तर हा उपाय हवाच.

तिसरा मुद्दा जळगाव-धुळ्याकडे चटकन पटतो, आणि त्याला सबळ कारण आहे. दीपनगरचे वीजकेंद्र जवळ असले तरी यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात टोकाच्या डीपीवर एकाच वेळी सगळे पंप सुरू झाले की व्होल्टेज पडते. मोटार जास्त करंट ओढते, तापते आणि शेवटी वाइंडिंग जळते. ज्या घराने रिवाइंडिंगचा खर्च सोसला आहे, त्या घरातल्या मुलाला पडलेले व्होल्टेज हा शत्रू वाटणारच. पण पंपाचा हा न्याय प्रोसेसरला लागू होत नाही. भिंतीतले २३० व्होल्ट प्रोसेसरपर्यंत पोचतच नाहीत. एसएमपीएस त्याचे १२ व्होल्ट करते आणि ते ५ टक्क्यांच्या आत राखते. पुढे बोर्डावरचे व्हीआरएम त्यातून सव्वा-दीड व्होल्ट काढते. लाइनचा चढउतार एसएमपीएसने पचवला तर प्रोसेसरला त्याचा पत्ताही लागत नाही, आणि नाही पचवला तर संगणक बंद पडतो. त्यावर इलाज चांगली एसएमपीएस आणि यूपीएस. बोर्डावरची रेघ तिथे काहीच करू शकत नाही.

आता पहिला मुद्दा. डीपीवरची घट ही लांब तारेची लाचारी असते. प्रोसेसरची घट मुद्दाम आखलेली असते. इंटेलने व्हीआरएमच्या रचनेसाठी बोर्डनिर्मात्यांना दिलेल्या नियमांतच ‘लोडलाइन’ आहे: करंट जितका वाढेल, त्या प्रमाणात व्होल्टेज उतरलेच पाहिजे. समजा लोडलाइन १ मिलिओहमची आहे. करंट १० अँपियरवरून ८० वर गेला, तर व्होल्टेज ०.०७ ने उतरेल. वर दिलेले १.३४ आणि १.२७ हे आकडे नेमके याच हिशोबाचे आहेत. नियमाप्रमाणे वागणाऱ्या बोर्डाला कमजोर म्हणणे चूक आहे.

हा नियम का केला, ते कळले की दुसरा मुद्दाही ढासळतो. काम संपले की प्रोसेसर आपली करंटची मागणी एका मायक्रोसेकंदाच्या आत टाकून देतो. व्हीआरएमच्या कॉइलमधला करंट मात्र तसा तडकाफडकी थांबत नाही. ती ऊर्जा कपॅसिटरमध्ये शिरते आणि व्होल्टेज क्षणभर उसळते. भाराखाली व्होल्टेज आधीच १.२७ वर असेल, तर उसळीला वर जायला जागा असते. पेन्सिल मारून ते १.३४ वर धरले, तर तीच उसळी १.४० च्या वर जाऊ शकते. इंटेलच्या त्या काळच्या नियमात मागितलेल्या व्होल्टेजच्या वर फार तर ५० मिलिव्होल्ट, तेही २५ मायक्रोसेकंदांपुरते, एवढीच मुभा होती.

मल्टिमीटरवर यातले काही दिसत नाही. काळी पिन केबिनेटच्या पत्र्याला आणि लाल पिन कॉइलच्या पायाला लावून बसलेल्या माणसाला पडद्यावर स्थिर १.३४ दिसतो. पण मीटर सेकंदात दोन-तीनदा सरासरी सांगतो. त्या दोन आकड्यांच्या मधे हजारो उसळ्या होऊन गेलेल्या असतात. ऑसिलोस्कोप लावला की त्या दिसतात. ज्याला स्थिर म्हटले जाते ते व्होल्टेज फक्त मीटरपुरते स्थिर असते.

खानदेशात याहून मोठा प्रश्न उष्णतेचा आहे. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: १.२७ चे १.३४ केले की त्याच वेगाला सुमारे ११ टक्के जास्त. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणे नवे नाही आणि स्लॅबखालच्या खोलीत दुपारी ३८-४० अंश असतातच. हिवाळ्याच्या रात्री वीस अंशांच्या खोलीत पार पडलेली चाचणी मे महिन्यात वीस अंशांनी चुकते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंशांमागे साधारण निम्मे होते, म्हणजे वीस अंशांनी पाव. रेघेवर धूळ बसते, ग्राफाइट झडते, रोध बदलतो, आणि ज्या आकड्यासाठी हा सारा खटाटोप केला तोही हातचा जातो.

व्होल्टेज आणि तापमान मिळून काय करतात, हे २०२४ मध्ये जगाने पाहिले. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर मोठ्या संख्येने अस्थिर झाले. चढे व्होल्टेज आणि तापमान यांमुळे आतले घड्याळाचे सर्किट झिजते, असे कारण कंपनीने दिले. मायक्रोकोड बदलून कंपनीने व्होल्टेजची मागणी १.५५ वर रोखली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तिथे पेन्सिलीचा संबंध नव्हता, पण चढ्या व्होल्टेजची किंमत तीच.

विरोधी बाजूचे एक म्हणणे मात्र मान्य करावे लागते. ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर नेमका भाराखाली अडखळतो, कारण उतरलेले व्होल्टेज त्या वेगाला पुरत नाही. पण त्यासाठी लोडलाइन मोडण्याची गरज नाही. बायोसमधले मूळ व्होल्टेज एका पायरीने वाढवावे किंवा वेग शंभर-दोनशे मेगाहर्ट्झने उतरवावा. नव्या बोर्डांत ‘लोडलाइन कॅलिब्रेशन’ असते. ते पेन्सिलीचेच काम करते, म्हणून त्याची सर्वांत वरची पायरी टाळावी आणि मधल्या पायरीवर थांबावे. व्हीआरएमवर हवेचा झोत हवा. अंतिम चाचणी मे महिन्यात, दुपारी, बंद केबिनेटमध्ये घ्यावी. रोजच्या कामाच्या यंत्राला तर अंडरव्होल्टिंग, म्हणजे तोच वेग कमी व्होल्टेजवर चालवणे, या हवेत जास्त मानवते.

फेरफार करून पाहायचाच असेल, तर त्याची जागा जळगाव, धुळे, शिरपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत आहे. भंगारातला चालू बोर्ड, प्रीसेट आणि ऑसिलोस्कोप एवढे पुरते. भार काढताक्षणीची उसळी आधी मूळ लोडलाइनवर टिपावी, मग ती मोडून पुन्हा टिपावी, आणि दोन्ही आलेख एकाच कागदावर काढावेत.