फुगणाऱ्या गोळीचे गणित

कडईचा डिंक पाण्यात पुरता विरघळत नाही. पाणी शोषून फुगून बसतो. विदर्भाच्या रानांत डिंक वेचणाऱ्याला हे कोणत्याही ग्रंथावाचून ठाऊक असते. औषधनिर्माणशास्त्राने नेमका हाच गुण उचलला. मधुमेहावरील मेटफॉर्मिनच्या दीर्घकाळ चालणाऱ्या गोळ्या बहुधा अशाच फुगणाऱ्या, सेल्युलोजपासून केलेल्या बहुवारिकात बांधलेल्या असतात. पोटातले पाणी आत शिरते, काचेसारखे कडक बहुवारिक मऊ होते, त्याचा लगदा बनतो आणि त्यातून औषध हळूहळू झिरपते. त्याच वेळी गोळी बाहेरून झिजतही असते.

या सरकत्या सीमांमुळेच गणित अवघड होते. विसरणाचा मूळ नियम फिक या शरीरशास्त्रज्ञाने १८५५ मध्ये मांडला. हिगुची यांनी १९६१ मध्ये मलमातून सुटणाऱ्या औषधासाठी काळाच्या वर्गमूळाचे सूत्र दिले: पहिल्या तासात जितके औषध सुटले त्याच्या दुप्पट सुटायला चार तास लागतात. परंतु हे सूत्र न फुगणाऱ्या माध्यमासाठी होते. फुगणाऱ्या गोळीसाठी पुढे पेपास प्रभृतींनी घातांकाचे सूत्र रूढ केले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रघुनाथ माशेलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बहुवारिकांतील विसरणाचा गणिती अभ्यास केला, आणि स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरणारी ‘जलशक्ती’ही त्याच प्रयोगशाळेतून आली. तेव्हा हा विषय महाराष्ट्राला परका नाही.

परका झाला आहे तो त्यामागचा विचार. प्रयोगशाळेत सदतीस अंशांच्या पाण्यात गोळी फिरवायची, आकडे संगणकात घालायचे, चारपाच सूत्रे लावून बघायची आणि जे सर्वांत चांगले जुळेल तीच औषध सुटण्याची रीत असे जाहीर करायचे, असा एक विधीच शोधनिबंधांत होऊन बसला आहे. हा दोष कुण्या एका महाविद्यालयाचा नव्हे. घातांकाचे सूत्र साधारणतः पहिल्या ६० टक्के औषधापुरतेच लागू पडते. शिवाय गोळी दंडगोलाकार असेल तर शुद्ध विसरणाचा घातांक ०.४५ धरावा लागतो, पातळ पापुद्र्यासाठी ०.५. रेघ जुळली म्हणून कारण सिद्ध होत नाही, हे विद्यार्थ्याला सांगणार कोण?

गणिताचा हा प्रश्न अखेर रुग्णाच्या ताटाशी येऊन पोहोचतो. मोठी गोळी गिळवत नाही म्हणून ती चावून किंवा कुटून घेणारे थोडे नाहीत. फुगणारी चौकटच मोडली की रात्रभर पुरायचे औषध एकदम सुटते. गोळीचे दोन तुकडे केले तरी पाण्याला लागणारा पृष्ठभाग वाढतो. किती वाढतो आणि औषध किती लवकर सुटते, हे गणिताने आधी सांगता येते. मात्र ‘चावू नये, कुटू नये’ ही सूचना वेष्टनावर बहुधा इंग्रजीत आणि बारीक टायपात असते. धानाच्या बांधावर राबणाऱ्या वृद्धेने ती वाचावी ही अपेक्षाच हास्यास्पद होय.

गोंदियालगतच्या कुडव्यात मनोहरभाई पटेल यांच्या नावाची औषधनिर्माण संस्था आहे. डिंकाचे रान तिला दूर नाही आणि औषधे घेणारा माणूस तर दारातच आहे. अशा ठिकाणच्या विद्यार्थ्यांनी बाजारातलीच गोळी अखंड, अर्धी आणि कुटलेली अशी तिन्ही रूपांत पाण्यात फिरवावी, सूत्राने आधी अंदाज बांधावा, मग मोजलेल्या आकड्यांशी तो ताडावा, आणि आलेला निष्कर्ष मराठीत एका पानावर लिहून औषधांच्या दुकानांत लावावा. यासाठी लागणारे यंत्र अशा प्रयोगशाळांत असतेच.